परत आलेल्या सेवा : मुंबई महानगरपालिकेच्या निर्णयांचा इतिहास

१८६५च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार जवळजवळ एका माणसाच्या हाती दिला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्यांच्यावर देखरेख करायची ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांनी, आणि त्यांच्या हाती खर्चाला लगाम घालण्याची परिणामकारक साधने नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावाने फुगलेले आणि भाव कोसळताच दिवाळखोरीत बुडालेले हे शहर घाणीने भरलेले होते. क्रॉफर्ड यांनी कामाचा धडाका लावला. रस्ते झाले, कचरा उचलला जाऊ लागला, १८६९ मध्ये आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी मंडई उभी राहिली. त्याचबरोबर पालिकेचे कर्ज वाढले, घरपट्टी वाढली, आणि १८७१ मध्ये करदाते टाउन हॉलमध्ये जाब विचारायला जमले. नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे जाणते लोक या चळवळीत होते. सगळ्यांचा रोख कमिशनरवर असताना सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता मात्र वेगळेच बोलले. कामे आवश्यकच होती, असे त्यांचे म्हणणे होते. काम करणारा अधिकारी एकच असावा, त्याला पुरेसे अधिकार असावेत, पण तो ज्यांचा पैसा खर्च करतो त्यांनी निवडलेल्या सभागृहाला त्याने उत्तर द्यावे. श्रोत्यांना हे रुचले नाही. कायदा मात्र पुढे त्याच वाटेने गेला.

१८७२च्या कायद्याने ६४ सभासदांचे सभागृह दिले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८७३ मध्ये ते कामाला लागले. १८८८च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता, सभासदसंख्या ७२ झाली. त्यात दोन जागा चेंबर ऑफ कॉमर्सला होत्या, म्हणजे व्यापाराला सभागृहात थेट आवाज होता. हाच कायदा असंख्य दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे आहेत : गटारे, सफाई, दिवाबत्ती, आगीपासून बचाव, बाजार आणि कत्तलखाने, रस्ते, प्राथमिक शिक्षण. कलम ६३ मध्ये ऐच्छिक कामे आहेत. शहराचा व्यापार वाढवणे असे स्वतंत्र कर्तव्य अनिवार्य कामांच्या यादीत नाही. तरीही हिंदुस्थानातले सर्वांत मोठे व्यापारी शहर याच कायद्याखाली वाढले. या इतिहासातून एकच गोष्ट मांडायची आहे. मुंबईच्या उद्योगव्यवसायाला पालिकेने जे बळ दिले ते नळ, गटार, आगीचा बंब आणि ट्राम यांच्यावाटे दिले. आणि या सेवा नीट चालल्या त्या सभागृहाच्या ताब्यात असताना. ज्या सेवा बाहेरच्या मंडळांकडे किंवा कंपन्यांकडे सोपवल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक कधी ना कधी पालिकेकडे परत आल्या, आणि येताना थकलेली कामेही सोबत घेऊन आल्या.

पाण्यापासून सुरुवात करू. १८५४ मध्ये शहरात पाण्याचा भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर सरकारने विहार तलाव बांधला आणि १८६० पासून बेटावर नळाचे पाणी आले. पुढचा विस्तार पालिकेने केला : १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवरचा तानसा. तानसाचा निर्णय घेणाऱ्या सभागृहात घरमालक बहुसंख्य होते आणि त्या कर्जाचा बोजा त्यांच्याच पट्टीवर येणार होता, हे लक्षात घेतले की या मंजुरीचे वजन कळते. गिरणगाव त्या काळात वाढत होता. गिरण्यांनी आणि त्यांच्याभोवतीच्या चाळींनी विहिरींवर जगणे शक्यच नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला. पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांचे नाव त्याला दिले गेले, आणि अभियंत्याच्या नावाने धरण ओळखले जावे हा त्या पिढीच्या कामाचा योग्य सन्मान आहे. ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ चे मध्य वैतरणा मिळून आज सात जलाशयांतून शहराला रोज सुमारे ३९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. ते वळवण्यासाठी गल्लोगल्लीच्या झडपा उघडणारा चावीवाला पालिकेचा कर्मचारी आहे. पाणी दोन दिवस आले नाही तर लोक वॉर्ड ऑफिसात किंवा नगरसेवकाच्या कचेरीत जातात, आणि तिथे जाब विचारता येतो. देशातल्या इतर अनेक शहरांत पाणीपुरवठा राज्याच्या वेगळ्या मंडळाकडे असतो. तिथे नागरिकाची तक्रार पालिकेतून मंडळाकडे आणि मंडळाकडून पालिकेकडे फिरत राहते.

पाणी आले, पण निचरा त्या मानाने मागे राहिला. तानसाचे भरपूर पाणी चाळींत आले आणि मोऱ्या तुंबल्या, जमीन ओली राहिली. हा सभागृहाचाच दोष होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत ब्युबॉनिक प्लेग आहे हे प्रथम ओळखून सांगितले ते गोव्यातून आलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, आणि ते स्वतः पालिकेचे सभासद होते. पण त्यांचा इशारा मिळाल्यानंतरही साथ आवरली नाही. लाखो लोक शहर सोडून कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेले, गिरण्या आणि गोदी ओस पडल्या, परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालावर निर्बंध घातले. एका रोगाने शहराचा व्यापार बंद पाडला. ब्रिटिश सरकारने निष्कर्ष काढला की लोकनियुक्त पालिकेला शहर सुधारणे जमत नाही, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे वेगळे मंडळ स्थापन केले. त्याचा अध्यक्ष सरकार नेमणार. पालिकेला विश्वस्तांत फक्त काही जागा. ट्रस्टने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड आखले, दादर, माटुंग्याच्या वसाहती वसवल्या. माटुंग्याचे सरळ रस्ते आणि बागा पाहून आजही मन प्रसन्न होते. पण कोंदट वस्त्या पाडताना जितकी माणसे बेघर झाली तितक्यांसाठी खोल्या झाल्या नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळींत घुसली, तिथली गर्दी वाढली. ट्रस्टला या कुटुंबांना उत्तर द्यायचे नव्हते, कारण ट्रस्टला मत देणारे कोणीच नव्हते. पालिकेच्या सभासदांनी वर्षानुवर्षे ट्रस्टवर टीका केली आणि शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत पूर्णपणे विलीन झाला. त्याच्या चाळी, त्याचे भूखंड आणि त्याची देणी सगळे पालिकेच्या दप्तरात आले. मुंबईत आज पालिकेच्या मालकीचे भाडेपट्ट्याचे जे हजारो भूखंड आहेत त्यांच्यातल्या मोठ्या भागाचे मूळ इथे आहे.

वाहतुकीचा इतिहास याहून लांबलचक, पण त्याच दिशेने गेलेला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावली ती खाजगी कंपनीची. पालिकेने करार करतानाच ठरावीक मुदतीनंतर कंपनी विकत घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता. १९०५ मध्ये तो हक्क वापरला गेला तेव्हा वीज आणि ट्राम दोन्ही चालवणाऱ्या नव्या कंपनीकडे काम गेले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस सुटली. कंपनीने काम चांगले केले, यात शंका नाही. मात्र कंपनी विस्तार करायची तो नफ्याचा हिशोब पाहून. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने हा ‘बेस्ट’ उपक्रम ताब्यात घेतला. पहिल्या ट्रामपासून पालिकेच्या ताब्यापर्यंत पोहोचायला ७३ वर्षे लागली. त्यानंतरच्या दशकांत पूर्व, पश्चिम उपनगरांत बेस्टच्या बसने जी माणसे रोज स्टेशनला पोहोचवली, त्यांच्यावर चेंबूर आणि अंधेरीचे कारखाने चालले. दुकानदाराला गिऱ्हाईक आणि कारखानदाराला कामगार वेळेवर मिळणे याहून मोठा उद्योगविकास दुसरा नाही.

बेस्ट आज तोट्यात आहे, ताब्यात असून काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. वीज वितरणातल्या नफ्यावर बस चालवण्याची जुनी सोय वीज नियमनाच्या नव्या चौकटीत मोडली. स्वतःच्या बसगाड्या कमी होत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या वाढल्या. तरी २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणण्याचा निर्णय झाला तेव्हा तो सभागृहात, बेस्ट समितीत, वर्तमानपत्रांत उलटसुलट चर्चेतून गेला आणि पालिकेने अनुदान दिले. मे २०२५ मध्ये हेच भाडे १० रुपये झाले तेव्हा असे वाद घालायला सभागृहच अस्तित्वात नव्हते. दर वाढवणे योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. कामावर जाणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चावर परिणाम करणाऱ्या निर्णयाचा जाब कोणाकडे मागायचा, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते.

सुरक्षेच्या बाबतीत ‘परत येणे’ सर्वांत आधी घडले. आग विझवण्याचे काम पूर्वी पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये ते पालिकेकडे आले. गोदामे, कापसाचे ढीग आणि लाकडी वाडे यांनी भरलेल्या शहरात अग्निशमन दल हे व्यापाराचे पहिले विमाकवच होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापूस घेऊन उभे असलेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. आग विझवायला गेलेल्या दलाचे ६६ जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवेच्या स्मरणाचा म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. पालिकेच्या साऱ्या इतिहासात याहून मोठे बलिदान नाही, आणि या माणसांना वेतन कुणी द्यायचे, बंब कुणी घ्यायचे हे ठरवणारी मंजुरी शेवटी सभागृहाच्या अर्थसंकल्पातच होती.

आज हीच सुरक्षा परवान्यांच्या रूपाने रोजच्या व्यवसायात येते. मोठे दुकान उघडणाऱ्याला गुमास्ता नोंदणी लागते, उपाहारगृहाला आरोग्याचा परवाना लागतो, धोकादायक माल साठवायला १८८८च्या कायद्याच्या कलम ३९४ खाली परवानगी लागते, इमारतीला अग्निशमन दलाचे ना हरकत पत्र लागते. हे परवाने म्हणजे व्यवसायाच्या वाटेतले अडथळे, असे व्यापारी संघटना म्हणतात. अनेक वेळा ते खरे असते. एकाच कामासाठी चार खिडक्या फिराव्या लागतात, आणि उशिरात लाचेला जागा मिळते. खिडक्या कमी कराव्यात, मुदत ठरवावी, हे पटण्यासारखे आहे. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना लागलेल्या आगीत १४ जण गेले, ते परवान्याच्या प्रती कमी होत्या म्हणून नव्हे. बेकायदा छत, अडवलेली वाट आणि ज्वलनशील साहित्य तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. प्रामाणिक तपासणी झाली असती तर त्या रात्री १४ माणसे घरी गेली असती आणि तिथले व्यवसायही चालू राहिले असते. सुरक्षा आणि व्यवसायवाढ यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणारा युक्तिवाद इथे टिकत नाही. गिरणगावाच्या जमिनीवर झालेल्या नव्या उद्योगाला अग्निशमन अधिकाऱ्याची प्रामाणिक भेट हीच खरी मदत होती.

शाळा आणि इस्पितळे थोडक्यात. १९०७ मध्ये प्राथमिक शिक्षणाची पूर्ण जबाबदारी पालिकेने घेतली. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय सुरू झाले आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट पालिकेने स्वीकारली. त्या काळात हा राजकीय निर्णय होता. असहकार चळवळीतून उभे राहिलेले नायर रुग्णालय १९४६ मध्ये पालिकेकडे आले, शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालये चालवणाऱ्या पालिका देशात फार कमी आहेत.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे सभागृह कोणाचे होते? १८७३चे मतदार वर्षाला ठरावीक रकमेहून अधिक पट्टी भरणारे होते. भाडेकरूंना मताधिकार १९२२ मध्ये मिळाला, आणि प्रौढ मताधिकारावर निवडणूक १९४८ मध्ये झाली. पट्टी भरणाऱ्यांचे सभागृह चाळींच्या गटारांवर पैसे घालायला नाखूष असायचे, हे प्लेगने दाखवून दिले. मग सभागृहाच्या ताब्याचे गुणगान कशासाठी? याचे उत्तर मला या इतिहासातच सापडते. मताधिकार जसजसा खाली उतरला तसतशी सेवांची यादी वाढली. केईएम आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १९२२ नंतरची. बेस्टचे सार्वजनिकीकरण आणि उपनगरांत पाण्याचे जाळे १९४८च्या आसपास आणि नंतरचे. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर, मुलुंडपर्यंत गेली ती नव्या मतदारांसह, आणि त्यांचे नळ, रस्ते, दवाखाने हे त्यांच्याच मतांमुळे आले. सभागृह अपुरे होते म्हणून सेवा अपुऱ्या होत्या. उपाय सभागृह बाजूला सारण्याचा नव्हता, तो दारे उघडण्याचा होता. ट्रस्ट काढणाऱ्या सरकारने पहिला मार्ग निवडला आणि पस्तीस वर्षांनी तो मागे घ्यावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, कारण तो प्रौढ मताधिकाराच्या काळातला आहे. पर्जन्यजलवाहिन्या पूर्णपणे पालिकेच्या ताब्यात होत्या. ब्रिटिश काळातल्या या वाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती. ती दुप्पट करण्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्ये आला, आणि नंतर तो बहुतांशी कागदावर राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहरात शेकडो माणसे दगावली, दुकाने, गोदामे, कारखाने पाण्याखाली गेले. त्यानंतरच हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंधची पंपिंग स्टेशन्स झाली. सभागृहाच्या ताब्यात असणे पुरेसे नसते, हे इथे मान्य करावेच लागते. जमिनीखालची वाहिनी दिसत नाही आणि मत मिळवून देत नाही. तरीही २००५ नंतर काय घडले हे पाहावे : लोकांनी, न्यायालयांनी आणि वृत्तपत्रांनी थेट पालिकेला विचारले, कारण जबाबदारी कोणाची याविषयी संदिग्धता नव्हती. मिठी नदीच्या बाबतीत, जिथे जबाबदारी अनेक संस्थांत विभागलेली आहे, तिथे गाळ कुणी काढायचा यावरच पावसाळे गेले.

आणि जबाबदारी विभागण्याची ही सवय आज वाढतेच आहे. १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन त्याच्याकडे आहे, म्हणून जमिनीच्या भाडेपट्ट्यांचा पैसा तिकडे जातो. पण संकुलातल्या कार्यालयांना पाणी पालिकेचे, आग लागली तर बंब पालिकेचा. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी प्राधिकरणाकडे होते. त्यांची देखभाल २०२२ मध्ये पालिकेकडे आली, म्हणजे ट्रस्टच्या चाळींसारखेच झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात बंद झाली. जकात नाक्यांवरच्या रांगा संपल्या, व्यापाऱ्याला दिलासा मिळाला, हे चांगले झाले. पण पालिकेचे सर्वांत मोठे स्वतःचे उत्पन्न गेले आणि त्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली, त्यामुळे शहराच्या खर्चाची किल्ली मंत्रालयाकडे सरकली. त्याच्या जोडीला ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे निवडणूक न होता प्रशासकाने कारभार पाहिला. अर्थसंकल्प ज्याने मांडायचा त्यानेच मंजूर करायचा, ही जवळजवळ १८६५चीच रचना. क्रॉफर्ड यांना तरी जस्टिसांच्या मंडळापुढे उभे राहावे लागत होते.

सभागृहाच्या या इतिहासात एक वर्ग कधीच आत आला नाही. तानसा, वैतरणा आणि भातसाच्या खोऱ्यांतली माणसे मुंबईची मतदार नाहीत. त्यांच्या जमिनींवर शहराचे जलाशय उभे आहेत आणि शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. पालिकेने धरणे बांधली, जलवाहिन्या शहरापर्यंत आणल्या, आणि वाटेवरच्या गावांना पाणी देण्याचा विचार फार उशिरा आणि फार तुटपुंज्या प्रमाणात केला. आता पालघर जिल्ह्यातल्या गारगाई धरणाचा प्रस्ताव पालिकेपुढे आहे, आणि त्याने काही गावे हलवावी लागतील. त्या गावांच्या ग्रामसभांचे म्हणणे प्रकल्पाच्या फायलीत परिशिष्ट म्हणून न जोडता सभागृहाच्या पटलावर ठेवावे, त्यावर नगरसेवकांनी मतदान करावे, आणि त्या गावांच्या नळजोडणीचा खर्च धरणाच्या खर्चातच, पहिल्या वर्षापासून, मंजूर व्हावा.